'लेक टच' प्लॉटवर धक्का बांधायचाय? आधी मे महिन्यातलं पाणी बघून या

प्रश्न थोडक्यात असा आहे. पवना धरणाच्या काठी ११ गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट बघितलाय, 'लेक टच' म्हणून. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एजंटने दाखवला तेव्हा पाणी कुंपणापासून पंधरा-वीस पावलांवर होतं. विचारणाऱ्यांनी स्थानिक होडीतून काठापासून साधारण १५ मीटर आत जाऊन दगड बांधलेली दोरी सोडली, ती ९ फूट भरली. चार-पाच माणसांची, मागे इंजिन लावलेली छोटी बोट घ्यायची आहे आणि तिच्यासाठी एक लहानसा धक्का. तर "९ फूट पुरेत का? आणि खरेदीआधी खोली नीट मोजून घ्यायची तर कशी?"

पहिल्यांदा तुमचं कौतुक. प्लॉट बघायला जाताना दोरी घेऊन जाणारा गिऱ्हाईक मी बावीस वर्षांत फार तर तिसरा बघतोय. माझं काम जलाशयांचा तळ मोजायचं. धरणात गाळ किती साचला, जॅकवेल (पाणी उचलायची विहीर) कुठे घ्यावी, असली कामं. अलीकडे तरंगत्या जेट्टींसाठीही लोक बोलावतात. त्या अनुभवावर उत्तर देतो.

९ फूट भरपूर आहेत, पण फक्त त्या दिवसापुरते.

तुम्ही खोली विचारताय, आणि खरा प्रश्न पातळीचा आहे. नैसर्गिक तळ्यात या दोन गोष्टी जवळपास एकच असतात, कारण तिथे पाणी वर्षभरात हात-दोन हात वरखाली होतं. आपल्याकडे 'लेक' म्हणून जे विकलं जातं ते पवना, मुळशी, पानशेत, भाटघर, भंडारदरा ही सगळी धरणं. धरण भरतं ते रिकामं करण्यासाठीच. पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. धरणातून नदीत सोडतात आणि खाली रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून पातळी उतरायला लागते आणि जून उजाडून नवीन पाऊस येईपर्यंत उतरतच राहते. तुम्ही प्लॉट बघितला तो वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या आठवड्यांपैकी एका आठवड्यात. एजंट लोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये 'साइट व्हिजिट' ठेवतात ती हवा छान असते म्हणून, असं आपण समजू या.

पवनेच्या पोटात वाघेश्वराचं जुनं मंदिर आहे. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात उघडं पडतं, मग लोक चालत जाऊन दर्शन घेतात. भाटघरच्या पाण्यात वेळवंडच्या बाजूला कांबरेश्वराचं आहे, उजनीत पळसदेवचं. वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात या देवळांचे फोटो येतात. माझ्या दृष्टीने ते फोटो म्हणजे पातळीची नोंदच. 'मंदिर उघडं पडलं' ही बातमी आली की त्या धरणावरच्या किती धक्क्यांच्या पायाखाली आता चिखल असेल, हा विचार माझ्या मनात आधी येतो.

आता तुमच्या ९ फुटांचं काय करायचं ते सांगतो. तो आकडा वाया गेलेला नाही, फक्त अर्धा आहे.

उरलेला अर्धा म्हणजे त्या दिवशी धरणाची पातळी काय होती. प्रत्येक मोठ्या धरणावर रोज पातळीची नोंद होते आणि जलसंपदा विभागाच्या दैनिक अहवालात येते, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. (कोयनेची पातळी अजूनही बोलताना फुटांतच सांगतात, २१६३ फूट म्हणजे भरली. तेव्हा आकडा कशात आहे ते बघून घ्या.) त्या पातळीतून तुमची खोली वजा केली की त्या जागच्या तळाची उंची मिळते. खोली रोज बदलते, तळाची उंची बदलत नाही. एकदा ती हातात आली की पुढच्या दहा वर्षांत कुठल्याही तारखेला तिथे किती पाणी असेल हे घरबसल्या सांगता येतं.

सोपं जावं म्हणून धरण पूर्ण भरलेली पातळी १०० मीटर धरू. समजा तुम्ही गेलात त्या दिवशी ते काठोकाठ होतं. तुमचे ९ फूट म्हणजे साधारण २.७५ मीटर. तळ आला ९७.२५ वर. चार-पाच माणसं बसलेली छोटी फायबरची बोट, इंजिनाचा पंखा खाली सोडलेला, याला साधारण ०.७ मीटर पाणी लागतं. वर अर्धा मीटर माया ठेवा, कारण तळाला दगड असतात आणि लाटेत बोट खाली आपटते. म्हणजे १.२ मीटर. तुमचा धक्का त्या जागी पातळी ९८.४५ च्या वर असेल तोवरच चालेल. थोडक्यात, धरण भरल्यापासून पाणी पाच फूट उतरलं की तुमचं बोटिंग बंद. पाच फूट उतरायला किती दिवस लागतात हे धरणाच्या मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी काढून बघायचं. एक-दोन वर्षं बघून चालत नाही, कारण पाऊस चांगला झालेली दोन वर्षं लागोपाठ आली की माणसाला सगळं हिरवंगार दिसतं. माझा अंदाज विचाराल तर दिवाळीनंतर फार दिवस निघणार नाहीत. पण अंदाजावर प्लॉट घेऊ नका, नोंदी काढा.

नोंदी बघताना एका गोष्टीत भले भले फसतात. टक्केवारीत. 'धरणात अजून ६० टक्के पाणी आहे' हे वाक्य साठ्याबद्दल असतं, उंचीबद्दल नाही. धरणाचं पोट ताटासारखं सरळ उभ्या कडांचं नसतं, कढईसारखं असतं. वरच्या एका मीटरमध्ये खूप पाणी मावतं, खालच्या मीटरमध्ये थोडं. म्हणून सुरुवातीला पातळी हळूहळू उतरते आणि उन्हाळा चढला की तेवढ्याच उपशाला भराभर उतरते. शिवाय हे टक्के धरलेले असतात ते उपयुक्त साठ्याचे, मृत साठा, म्हणजे एरवी धरणातून सोडता न येणारं तळाचं पाणी, त्यात नसतो. उजनीचं उदाहरण सगळ्यात बोलकं. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ हून जास्त टीएमसी मृत साठा. ४९६.८३ मीटरला धरण १०० टक्के, ४९१.०३ मीटरला शून्य टक्के. म्हणजे शंभरातून शून्यावर यायला पातळी फक्त ५.८ मीटर उतरते, आणि शून्य टक्क्यांनाही समोर समुद्रासारखं पाणी दिसतं. त्यानंतर 'उणे' सुरू होतं. तेव्हा एजंटने टक्के सांगितले की मान डोलवा आणि पातळी विचारा.

दुसरी गोष्ट उताराची, आणि धक्क्यासाठी हीच सगळ्यात मोठी. तुम्ही एकाच ठिकाणी दोरी सोडली. १५ मीटरवर ९ फूट म्हणजे बऱ्यापैकी खडा उतार झाला. पण तो पुढे तसाच आहे का? जलाशय वर्षानुवर्षं एकाच पूर्ण पातळीपर्यंत भरतो, तिथे लाटा काठाला घासत राहतात आणि माती कापली जाऊन एक पायरी तयार होते. त्यामुळे काठाजवळ खोली पटकन मिळते. त्या पायरीच्या पुढे काय आहे हे कळत नाही. पवनेच्या पोटात गावं होती, भाताची खाचरं होती. खाचर म्हणजे सपाट जमीन. कितीतरी ठिकाणी मी बघितलंय की काठापासून १५ मीटरवर ९ फूट असतं, आणि तिथून पुढे ८० मीटर गेलं तरी अकराच फूट. तसं असेल तर पाणी बारा फूट उतरलं की तुमच्या प्लॉटपासून ते एका झटक्यात शंभर मीटर लांब जातं, आणि मधे राहतो तो चिखल.

हिशोब सोपा आहे. उतार दहास एक असेल तर पातळी १० मीटर उतरल्यावर पाणी १०० मीटर मागे जातं. चाळीसास एक असेल तर ४०० मीटर. म्हणून तुंग-तिकोना या किल्ल्यांच्या पायथ्याला जिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतो तिथे उन्हाळ्यातही पाणी तुलनेने जवळ राहतं, आणि जिथे छान पसरट गवताळ काठ आहे, तंबू ठोकायला सोयीचा, तिथे पाणी दिसेनासं होतं. गंमत म्हणजे प्लॉटिंग दुसऱ्या प्रकारच्या जागीच जास्त होतं, कारण सपाट जमीन विकायला सोपी.

मग मोजायचं कसं? तीन रीती सांगतो, खर्चाच्या चढत्या क्रमाने नाही, मी स्वतः ज्या क्रमाने करतो तशा.

पहिली पाण्यात पाय न घालता. उपग्रहाची जुनी चित्रं. गूगल अर्थमध्ये मागच्या तारखांची चित्रं दिसतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याहून उपयोगी युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह. २०१५ पासूनची चित्रं फुकट मिळतात, २०१७ मध्ये दुसरा उपग्रह गेल्यापासून साधारण दर पाच दिवसांनी एक. एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे बोट दिसणार नाही पण पाण्याची कड व्यवस्थित दिसते. पावसाळ्यात ढग असतात, पण आपल्याला हवे ते ऑक्टोबर ते जून महिने, तेव्हा आकाश बहुतेक मोकळं. आता यातली खुबी बघा. एखाद्या तारखेच्या चित्रात पाण्याची जी कड दिसते, ती त्या दिवशीच्या पातळीची समोच्च रेषाच असते, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. त्या तारखेची धरणाची पातळी अहवालातून काढली की त्या रेषेला उंची मिळाली. अशा आठ-दहा तारखा एकावर एक ठेवल्या की तुमच्या प्लॉटसमोरच्या तळाचा नकाशा तयार. दोन संध्याकाळी बसून होणारं काम आहे. निम्मे प्लॉट माझ्या यादीतून इथेच गळतात.

दुसरी रीत तुम्ही केलीत तीच, पण शिस्तीत. धक्का जिथे हवा तिथून काठाला काटकोनात एक रेष धरायची. काठाला खुंटी, तिला दर पाच मीटरला गाठ मारलेली दोरी, दोरी धरून होडी आत न्यायची आणि प्रत्येक गाठीला ओळंबा सोडायचा. नुसता दगड बांधू नका. तो गाळात रुततो आणि तुम्हाला फुकटचं पाऊल-दीड पाऊल पाणी जास्त दाखवतो. खाली सपाट, ताटलीसारखं बूड असलेलं दोन-अडीच किलोचं वजन घ्या. नायलॉनची दोरी आधी भिजवून, ताणून मग खुणा करा, कोरडी मोजून ओली वापरली की फरक पडतो. मग त्याच जागी बांबू किंवा पाइप दाबून बघा. ओळंबा टेकतो ती उंची आणि बांबू अडतो ती उंची यातला फरक म्हणजे मऊ गाळ. त्या गाळात खांब रोवायचा विचार असेल तर दुसरा आकडा महत्त्वाचा, बोट तरंगायला पहिला. अशा तीन रेषा घ्या, धक्क्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. लाइफ जॅकेट घाला. पोहता येतं म्हणून न घालणारे खूप बघितलेत.

हल्ली मासेमारीचे छोटे सोनार मिळतात, मोबाइलला जोडता येणारे. वापरायला हरकत नाही, पण यंत्र खोली मोजतं ती स्वतःच्या तोंडापासून, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही. ते वीस सेंटिमीटर बुडालेलं असेल तर तेवढे मिळवायचे. आणि तळाला शेवाळ, झुडपं, अगदी पातळ गाळ असेल तर ते कशाला तळ समजेल याचा नेम नाही. मी महागडं यंत्र वापरतो, तरी दर काही अंतरावर ओळंबा सोडून ताडून बघतोच.

पातळीसाठी मात्र कुठलंही यंत्र लागत नाही. जलाशय शांत असताना त्याच्या पाण्याइतकी लांब लेव्हलपट्टी जगात नाही. धरणाच्या भिंतीपाशी जी पातळी तीच तुमच्या प्लॉटपाशी. फक्त तुमचा प्लॉट जलाशयाच्या अगदी शेपटाकडे असेल, जिथे नदी आत येते, आणि जोराचा पाऊस चालू असेल तर थोडा फरक पडतो.

एक किस्सा सांगतो, कारण त्याने मला धडा शिकवला. अशाच एका जलाशयात, कुठल्या ते राहू दे, आम्ही रेष घेत होतो. गाठीमागून गाठ, दोन मीटर, दोन मीटर दहा, दोन मीटर पाच. सपाट खाचरं होती. पुढच्या गाठीला ओळंबा सोडला आणि तो जातच राहिला. सहा, सात, आठ मीटर. माझा सहकारी म्हणाला, दोरी वाहतेय. मी म्हटलं, इथे प्रवाह कुठला? पुन्हा सोडला, पुन्हा तेच. होडी वल्हवणाऱ्या मावशी गप्प बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आवो, ती आमची हीर हाय." विहीर. त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली, धरणात गेलेली. मग त्यांनी वल्ह्याने पाण्यावरच दाखवलं, इथे गोठा, तिथे चिंच, पलीकडे देवळाची वाट. आम्ही दीड दिवस मोजून जो नकाशा काढणार होतो तो त्यांच्या डोक्यात आधीच होता, आणि त्यात चिंचेचा बुंधा होता, जो आमच्या दोन रेषांच्या मधे राहून गेला असता. तेव्हापासून मी यंत्र पेटीतून काढायच्या आधी गावातल्या साठीच्या पुढच्या कुणाला तरी गाठतो. तुम्हीही गाठा. पवनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं घोंगडं अजून भिजत पडलंय, तेव्हा प्लॉटवाला साहेब म्हणून जाऊ नका, माणूस म्हणून जा. चहा घ्या, आणि 'उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं' एवढंच विचारा.

तिसरी रीत सगळ्यात चांगली आणि सगळ्यात स्वस्त. थांबा. मे अखेर ते पहिला पाऊस लागेपर्यंतच्या दिवसांत एकदा जा आणि जिथे धक्का हवा तिथे चालत जा. पाण्याखाली जे मोजायला आम्ही पैसे घेतो ते सगळं तेव्हा उघडं पडलेलं असतं. बांध, खुंट, विहिरी, भेगाळलेला गाळ, ओढ्याने आणून टाकलेली रेती. मोबाइलवर जागांच्या खुणा करा, फोटो काढा, आणि पाण्याच्या कडेपासून कुंपणापर्यंत पावलं मोजा. परत येताना काठाचे खडक बघा, जिथे पाणी भरतं तिथवर फिकट पट्टा आणि वाळक्या काडीकचऱ्याची ओळ असते. ती ओळ तुमच्या कुंपणाच्या आत असेल तर वेगळाच प्रश्न आहे, त्याकडे आता येतो.

पण त्याआधी माझी एक चूक. सात-आठ वर्षांपूर्वी एका गृहस्थांना तरंगती जेट्टी बसवून दिली, ते प्लास्टिकचे अर्ध्या मीटरचे चौकोनी ठोकळे जोडून करतात ती. खोली नोव्हेंबरमध्ये मोजली, पातळीचा हिशोब केला, मार्चपर्यंत चालेल असं लेखी दिलं. फेब्रुवारीतच फोन आला. जेट्टीचं पुढचं टोक तरंगतंय, मागचं टेकलंय आणि मधली बिजागरी वाकलीय. माझा हिशोब बरोबर होता, तो जेट्टीच्या पुढच्या टोकाचा होता. मागच्या टोकाखाली एक जुना बांध होता, रेषेतल्या दोन गाठींच्या मधोमध. शिवाय त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि पाणी लवकर उतरलं. मी सरासरी वर्ष धरलं होतं. बिजागरी मी माझ्या खर्चाने बदलून दिली. तेव्हापासून दोन नियम पाळतो. जेट्टीखालची जागा दर मीटरला तपासायची, आणि हिशोब सरासरी वर्षाचा न करता मागच्या पंधरा वर्षांतल्या तिसऱ्या वाईट वर्षाचा करायचा.

आता कुंपणाचं. 'लेक टच' हा शब्द सातबाऱ्यावर नसतो. धरण बांधताना सरकारने पूर्ण संचय पातळीपर्यंतची (धरण काठोकाठ भरल्यावर पाणी येतं तिथवरची) आणि बऱ्याच ठिकाणी तिच्याही वरची जमीन संपादित केलेली असते. ते बुडीत क्षेत्र. तुमच्या प्लॉटची हद्द आणि पाणी यांच्या मधे संपादित जमिनीची एक पट्टी असते, कुठे पाच मीटरची, कुठे पन्नास. पाणी मागे गेल्यावर उघडी पडणारी जमीन तुमची होत नाही. ती गाळपेर जमीन, जलसंपदा विभागाची, आणि ती हंगामी पिकासाठी धरणग्रस्तांना भाड्याने देण्याची पद्धत आहे. म्हणजे मार्चमध्ये तुमच्या 'खासगी बीच'वर दुसरं कुणी कलिंगडं लावून बसलेलं दिसलं तर तो त्यांचा हक्क असू शकतो.

म्हणून खरेदीआधी दोन कागद एकत्र ठेवून बघा. एक, भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची 'क' प्रत, विकणाऱ्याने दिलेला रंगीत आराखडा नव्हे. दुसरा, धरणाच्या उपविभागीय कार्यालयातला भूसंपादनाचा नकाशा. जागेवर संपादनाच्या हद्दीचे दगड असतात. ते शोधा. सापडले नाहीत तर का सापडले नाहीत ते विचारा. काही ठिकाणी काठाला भराव टाकून, दगडी भिंत बांधून प्लॉट 'वाढवलेला' असतो. ते अतिक्रमण ठरतं आणि नोटीस नव्या मालकाच्या नावाने येते. पूररेषाही बघून घ्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी ते लाल या पट्ट्यात निर्बंध.

आणि धक्का तर या सगळ्याच्या पलीकडे, पाण्यात, म्हणजे शंभर टक्के सरकारी जागेत. त्याला कार्यकारी अभियंत्यांची लेखी परवानगी लागते. बोटीची नोंदणी वेगळी, त्यासाठी २०२१ चा केंद्राचा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. पवनेचं पाणी लोक पितात, त्यामुळे इंजिनाच्या बोटीचा विषय काढलात की पहिला प्रश्न तेल सांडण्याचा येईल. वल्ह्याची होडी किंवा कयाक आणि इंजिनाची बोट यात परवानगीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. 'सगळ्यांनी लावल्यात की' हे उत्तर एजंट देईल. ज्यांनी लावल्यात त्यांच्याकडे कागद बघायला मागा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तुमच्या ९ फुटांना त्या दिवशीची पातळी जोडून तळाची उंची काढा, उपग्रहाच्या चित्रांवरून उतार बघा, तीन रेषा ओळंब्याने मोजा, मे महिन्यात चालत जा, आणि हद्द व परवानगी कागदावर बघा. पहिल्या दोनांना खर्च जवळपास शून्य आहे.

हे सगळं करून जागा पसंत पडलीच तर धक्क्याबद्दल थोडं. काँक्रीटचे खांब रोवून कायमचा धक्का आपल्या धरणांवर मी कुणालाच सुचवत नाही. पाणी वर्षात कितीतरी मीटर वरखाली होतं. ऑगस्टला सोयीची उंची ठेवली तर जानेवारीत तो धक्का हवेत लटकतो. तरंगती जेट्टी बरी, पण तिचे नांगर आणि साखळ्या पूर्ण उतारचढावासाठी धरायला हव्यात. जुलैत पाणी चढतं तेव्हा दोन-चार दिवसांत इतकं चढतं की आखूड साखळीची जेट्टी एका बाजूने पाण्याखाली ओढली जाते. मला स्वतःला तिसरा मार्ग जास्त पटतो. हलकी जेट्टी, चार-सहा माणसांनी ढकलता येईल अशी, पाणी मागे जाईल तशी महिन्यातून एकदा खाली सरकवायची आणि एप्रिल-मेमध्ये सरळ वर काढून ठेवायची. कोयनेच्या जलाशयावरचे बामणोली-तापोळ्याचे नावाडी वर्षानुवर्षं हेच करतात. पाणी जाईल तिकडे त्यांची होडी लावायची जागा जाते, ते पाण्याला आपल्याकडे बोलवत नाहीत.

जागा निवडताना ओढ्याच्या तोंडाशी धक्का घेऊ नका. तिथे आज खोली दिसली तरी दर पावसाळ्यात ओढा गाळ आणून टाकतो आणि पाच-सात वर्षांत चित्र बदलतं. नैऋत्येचा वारा जिथे लांब पाण्यावरून सरळ येऊन आदळतो तो काठही टाळा. आणि एखादं वर्ष पूर्ण वाया जाऊ शकतं हे धरून चाला. टेमघर धरणाची गळती दुरुस्त करायला तो जलाशय रिकामा करावा लागला होता. काठावरच्या प्लॉटवाल्यांचं बोटिंग हा धरणाच्या नियोजनातला विषयच नसतो, आणि नसावाही.

किंमतीबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. 'लेक टच'साठी आतल्या प्लॉटपेक्षा जे जास्तीचे पैसे मागतात ते बारा महिन्यांच्या पाण्याचे असतात. तुमच्या हिशोबात पाणी चार महिने आलं तर सौदा चार महिन्यांच्या पाण्याचा करा. एजंटला सांगा, टोकन द्यायला तयार आहे, आधी याच कुंपणावरून काढलेला मे महिन्यातला फोटो दाखव. त्याच्याकडे नसेल. मग तुम्ही उपग्रहाची चित्रं पुढे ठेवा आणि बोलणी तिथून सुरू करा. निसर्ग, हवा, समोर तिकोना, यासाठी प्लॉट आवडला असेल तर जरूर घ्या, वाईट नाही. बोट मग पवनानगरच्या एखाद्याकडून तासावर घेता येते.

एक रेष जरी मोजलीत तरी आकडे इथे टाका, मी बघून सांगतो. फक्त प्रत्येक आकड्यासमोर तारीख आणि त्या दिवशीची धरणाची पातळी लिहा. ती नसेल तर मला त्यातून काहीच काढता येणार नाही.